गाळलेली चार पानं

अण्णा, उद्या सकाळी टेम्पो येतोय आणि तुमचे नाटककार आपल्या घरातून जाणार आहेत. दिवाणातले, माळ्यावरचे, स्वयंपाकघरातल्या ट्रंकेतले, सगळेच्या सगळे. आपली बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलंय, महिनाअखेरीला जागा रिकामी करून द्यायची आहे. तुमचा संग्रह नाटकावर संशोधन करणारी एक संस्था घेते आहे, नीट जपणार आहे, तेव्हा त्याची काळजी नाही. काळजी एकाच गोष्टीची. त्यांच्या पहिल्या नाटकाची ती प्रत अजून खोक्यात गेलेली नाही. टेबलावर आहे, माझ्या कोपराशी. जगात ती एवढी एकच उरली आहे, ज्यांनी लिहिली त्यांना ती जाळलेली हवी होती, आणि ती द्यायची की जाळायची हे लोढणं तुम्ही माझ्या गळ्यात बांधून गेलात. दुपारपासून मी एका जागी बसलेली नाही. चहा ठेवते, विसरते, परत ठेवते. बांधून झालेल्या खोक्यांच्या दोऱ्या उगाच ओढून बघते. शेवटी म्हटलं, तुमच्याशीच बोलावं.

लोकांच्या घरात देव्हारा असतो, आपल्याकडे ते होते. दिवसभर पाटबंधारे खात्यात धरणांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी घरी येऊन एकाच माणसाचे कागद लावत बसायचं, हा तुमचा संसार. हँडबिलं, फाडलेली तिकिटं, पेपरातल्या जाहिराती, कुठल्याशा तालुक्याच्या गावी हौशी मंडळींनी हातानं रंगवलेला बोर्ड. कसर लागू नये म्हणून ट्रंकेत वेखंडाच्या पुरचुंड्या, आणि ट्रंक स्वयंपाकघरात, त्यामुळे आपल्या पोळ्यांनाही वेखंडाचा वास. आई म्हणायची, सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या, या माणसाशी भांडू कशी? आणि एवढं सगळं करून तुमचा नियम काय, तर ज्याचं जमवतो त्याच्याकडे मागायला जायचं नाही. ते राहायचे आपल्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. तुम्ही कधी गेला नाहीत. त्यांच्या गल्लीवरून जायची वेळ आली तर सायकल पुढच्या गल्लीतून घालायचात. मला तो तुमचा बाणेदारपणा वाटायचा. मैत्रिणींना ऐकवायचे मी, आमचे अण्णा कुणापुढे हात पसरत नाहीत.

मी शाळेत असताना एकदा चिवडा एका हँडबिलावर घेऊन खात बसले होते, आठवतंय? समोर दिसला तो कागद ओढला, मला काय माहीत तो कुठल्या प्रयोगाचा. तुम्ही आत आलात, पाहिलंत, आणि ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. म्हणालात, सावकाश खा, संपला की कागद दे. मग त्या तेलाच्या डागावर पावडर टाकलीत, दोन दिवस वजनाखाली ठेवलात आणि पाकिटावर तुमच्या त्या नकाशातल्या अक्षरात लिहिलंत, "तेलाचा डाग : चि. कन्या". परवा ते पाकीट यादी करायला येणाऱ्या संस्थेच्या मुलीला सापडलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, मॅम, हे आम्ही डिस्प्लेला ठेवणार. ठेवा म्हटलं, माझी अब्रू तेवढी जायची राहिली होती.

तर ते एक दिवस स्वतःच आले. मी कॉलेजात होते, दुपारच्या चहाची वेळ होती. दार मीच उघडलं, बघते तर पेपरात पाहिलेला तो चेहरा समोर धापा टाकतोय. तुम्ही बनियनवर होतात. शर्ट घालायला आत पळालात आणि बटणं वरखाली लावून बाहेर आलात. आईनं त्यांना दिवाणावर बसवलं. ज्या दिवाणात त्यांचीच नाटकं कोंबून भरलेली, त्यावर ते बसले होते, आणि मला हसू आवरेना. त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. सरळ म्हणाले, "ऐकलंय, माझं एक जुनं पाप तुमच्याकडे आहे."

"आहे."

"मला ते जाळायचंय."

"नाही देणार."

आई चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. इतकी वर्षं ज्यांच्या पायी घराची रद्दी केली, त्यांच्याशी बोललेली तुमची पहिली दोन वाक्यं ही. आणि मग तुम्ही मान खाली घालून सांगायला लागलात. त्या नाटकाचा एकच प्रयोग झाला, एका स्पर्धेत, आणि त्या प्रयोगाचे प्रॉम्प्टर तुम्ही होतात, हे मी तोवर कधी ऐकलंच नव्हतं. मंडळ हौशी, तालमी कमी, नटांचा सगळा भरवसा विंगेत प्रत घेऊन उभ्या राहिलेल्या माणसावर. तिसऱ्या अंकात तुम्ही पान उलटलंत ते मधल्या चिकटलेल्या चार पानांसकट. तुम्ही पुढचं वाक्य पुरवलंत, नटीनं ते घेतलं, समोरच्यानं तिला उत्तर दिलं, आणि नाटक एक अख्खा प्रवेश ओलांडून पुढे निघून गेलं. कळलं तेव्हा परत फिरायला वाट नव्हती. परीक्षकांनी लिहिलं, तिसरा अंक अनाकलनीय. नाटककार त्या वेळी नाट्यगृहाबाहेर येरझाऱ्या घालत होते, स्वतःच्या प्रयोगाला त्यांना बसवायचं नाही. मंडळातले सगळे मूग गिळून बसले. आणि त्यांनी निकाल वाचून स्वतःजवळची प्रत चुलीत घातली, उरली ती विंगेतली, तुमच्या हातातली.

एवढं सगळं तुम्ही सांगितलंत, आणि म्हणालात, "नाटक पडलं नाही, मी पाडलं. म्हणून देणार नाही."

ते थोडा वेळ बशीतला चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, "अहो, ती चार पानं गाळलीत म्हणून तर लोक शेवटपर्यंत बसले. बाकीचीही गाळायची होतीत."

काय हसलो आपण सगळे! आईसुद्धा, आणि ती त्यांच्या कुठल्या वाक्याला हसत नसे. तुम्हीही हसलात. जाताना ते जिन्यात थांबून म्हणाले, निदान मी जिवंत आहे तोवर कुणाला दाखवू नका. नाही दाखवणार, असं तुम्ही म्हणालात. आणि नंतर? तर म्हणालात, नंतरचं नंतर बघू. ते गेल्यावर आईनं चेष्टा केली, आता हा कप धुवायचा नाही वाटतं, ट्रंकेत जाणार. तुम्ही तो कप उचललात, मोरीत नेऊन स्वतः घासलात आणि इतर कपांत ठेवून दिलात. मग गच्चीत गेलात ते जेवायच्या वेळेपर्यंत खाली आला नाहीत. मला वाटलं, आनंद झाला असेल, माणूस हलका झाला असेल. पोरवय, दुसरं काय सुचणार.

हॉस्पिटलात तुम्हाला बोलायला त्रास होत होता तेव्हा मी मुद्दाम विचारलं होतं, त्या प्रतीचं काय करू? तुम्ही म्हणालात, तुला वाटेल ते कर. अण्णा, उभ्या आयुष्यात तुम्ही मला वाटेल ते करू दिलं नाहीत. शाखा तुम्ही ठरवलीत, नोकरीचा अर्ज तुम्ही लिहिलात, लग्नात साडी कुठल्या रंगाची तेही तुम्ही सांगितलंत. आणि हे एक माझ्यावर सोडलंत! मला तेव्हा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. तुमच्यानंतर काही वर्षांनी तेही गेले. म्हणजे त्यांना दिलेला शब्द तुम्ही पाळलात, नंतर मी पाळला, आणि आता तो संपला. राहिली ती फक्त त्यांची इच्छा, आणि ती तर स्पष्ट होती.

मी ती प्रत कधी वाचली नव्हती. कशाला वाचायची? ज्यांनी लिहिलं तेच म्हणतात पाप, मग आपण कशाला उकरा. पण संस्थेची मुलगी मागच्या आठवड्यात यादी करत होती, तिनं ती उघडली आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. तिथं सगळ्यांची नावं आहेत, नेपथ्य कुणाचं, रंगभूषा कुणाची. प्रॉम्प्टर या शब्दापुढे कागद खरवडलेला. इतका बेतानं की भोक नाही, तंतू उठलेला नाही, नुसती एक पातळ जागा. ती विचारत होती की हे पुसट कसं झालं असेल, दमट हवेनं का. दमट हवेनं काय डोंबल! ट्रेसिंगवरची चुकलेली रेघ ब्लेडनं अशी खरवडायची असते हे लहानपणी तुमच्या टेबलाशी उभी राहून मी शंभरदा पाहिलंय. ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि वाचायला बसले.

नाटक वाईट आहे, अण्णा. त्यांचं खरं होतं. पात्रं भाषणं ठोकतात, दुसऱ्या अंकात एक माणूस खिडकीशी उभा राहून काय काय बोलतो, मला जांभया आल्या. मग ती चार पानं आली. एक बाई आहे, नवऱ्याचे शर्ट घेऊन बसलेली, आणि समोर बोहारीण. नवरा गेलाय हे ती कुठंच म्हणत नाही. ती फक्त घासाघीस करते. या शर्टाची कॉलर बघ, दोनदाच घातलाय, याला एवढंसं पातेलं? बोहारीण म्हणते, बाई, घालणाऱ्याला विचारून घ्या, नंतर परत मागायला याल. बाई म्हणते, नाही मागणार. आणि पातेलं वाजवून बघते. बस. एवढंच आहे. मी तुमच्या घरात वाढलेय, त्यांची पुढची सगळी नाटकं मला तोंडपाठ आहेत, आणि ती सगळी या बाईच्या पोटातून आली आहेत. त्याआधी दोन अंक नवरा बाहेरगावी आहे असं ती सांगत असते. तो मेलाय हे प्रेक्षकांना कळतं ते याच पानांत. ही गाळली तर तिसरा अंक अनाकलनीय होणार नाही तर काय होणार?

आणि तुम्हाला हे ठाऊक होतं. प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी ठाऊक झालं असणार, कारण चुकलं कुठं हे तपासल्याशिवाय तुम्हाला जेवण जात नसे. तुम्ही गाळलीत ती नाटकातली एकुलती एक चांगली पानं होती. तुमच्या जमवाजमवीतला सगळ्यांत जुना कागद त्याच वर्षीचा आहे, मी पाहिलं. म्हणजे ती भक्ती नव्हतीच का हो? गल्ली टाळून सायकल घालायचात तो बाणेदारपणा नव्हता. आयुष्यभर एका माणसाचे कागद गोळा केलेत, कारण एकदा त्याची चार पानं तुमच्या हातून सांडली. आणि तो घरी आला, हसत म्हणाला की बरं झालं गाळलीत, तेव्हा तुम्ही त्याला सांगू शकला असतात की बाबा रे, तेवढंच तर चांगलं होतं. सांगितलं नाहीत. तो स्वतःच विसरला होता त्या पानांत काय आहे. त्याला विसरू दिलंत, त्याच्याबरोबर हसलात, आणि गच्चीत जाऊन बसलात. मी जेवायला हाक मारायला वर आले होते तेव्हा तुम्ही डोळे पुसत होतात. मी समजले, धूर असेल खालच्या बंबाचा.

गेले चार-सहा दिवस मी नुसती इकडून तिकडे करतेय. जाळावी तर ती बाई जळते. द्यावी तर त्यांची इच्छा मोडते. बरं, नुसती देऊन भागत नाही. प्रत दिली आणि गप्प बसले, तर उद्या कुणीतरी तिच्यावर प्रबंध लिहील की हे नाटक अशा अशा कारणांनी पडलं, त्या बाईचा प्रवेशही प्रेक्षकांना रुचला नाही. तो प्रवेश कुणी पाहिलेलाच नाही हे सांगायचं, तर तो कुणामुळे पाहिला नाही हेही सांगायला लागतं. तुमचं नाव घ्यायला लागतं. जे नाव तुम्ही स्वतः ब्लेडनं काढलंत, इतकं जपून. सोसायटीचे सेक्रेटरी मधेच येऊन विचारून गेले, ताई, झाली का आवराआवर? म्हटलं, होतेय. त्यांना काय सांगणार, माझं कुठं अडलंय ते.

मी तुम्हाला इथवर असं लिहिलं जणू तुमचं मत घेऊन मग ठरवणार आहे. तसं नाही. दुपारीच मी त्या मुलीला फोन केला. प्रतही घेऊन जा म्हटलं. आणि रिकाम्या जागी कुणाचं नाव होतं ते सांगितलं, कुठली पानं गाळली गेली ते सांगितलं, ती का वाचायची तेही सांगितलं. ती भराभर लिहून घेत होती. शेवटी तिनं अडखळत विचारलं, मॅम, पण बाबांचं नाव असं आलेलं तुम्हाला चालेल ना? मी म्हटलं, लिहा, पूर्ण नाव लिहा. तुम्ही असतात तर हे करायची माझी छाती झाली नसती. तुम्ही नाही आहात याचा मला आज पहिल्यांदा फायदा झाला, आणि फोन ठेवल्यापासून मला घरात कुठंही बसवत नाही.