अंतर नव्हे, अंत्र

दादा, तुमच्या धाकट्यालाही तुमचंच दुखणं लागलं. आतड्याला पीळ पडला, पुण्यात जवळजवळ सगळं आतडं काढून टाकावं लागलं. आता शिरेतून दिलेल्या अन्नावर त्याचे दिवस चाललेत. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात तुम्हाला वाईहून सांगलीला नेऊन असंच आतडं काढलं, तेव्हा तेही नव्हतं, नुसतं सलाईन. तुम्ही आईनं केलेली पेज खाता, "छान झाली हो" म्हणता, आणि अंगी काहीच लागत नाही. आई उशाशी बसलेली. तिला कळू नये म्हणून मी तुमच्याकडूनच शिकलेलं संस्कृत काढते, "मदीयम् अन्तरं गृह्यताम्." डोळे न उघडता तुम्ही चूक काढता, "अन्तरम् नव्हे, अन्त्रम्. आतडं द्यायला आलीस की बापाला अंतर द्यायला?"

मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट. "लेक आतडं काढून द्यायला निघाली होती, व्याकरणात अडकली." आटपाडीहून आलेला तुमचा जुना विद्यार्थी डोळे पुसत म्हणाला, "गुरुजी, लय आतड्याची पोरगी हाय तुमची." तुम्ही असे फुललात, की मला तिथून उठून बाहेर जावं लागलं. त्या एका वाक्यावर तुम्ही दोन महिने काढलेत, असं आई शेवटपर्यंत सांगायची.

आता ते खरंच करतात, दादा. जिवंत माणसाच्या लहान आतड्यातलं चार हात काढून दुसऱ्याला जोडतात, देणाऱ्याचं उरलेल्यावर भागतं. माझं त्याच्याशी जुळलंही. तो तोंडानं काही मागत नाही, तुमचाच मुलगा. फोनवर एवढंच म्हणाला, "ताई, दादांना तू द्यायला निघाली होतीस ना गं?" त्यानंतर आठ दिवस मी डॉक्टरांकडे फिरकले नाही.

कारण सांगते. त्या दिवशी तुमच्या खाटेपाशी येण्याआधी मी व्हरांड्यात नर्सबाईंना गाठलं होतं. एकाचं आतडं दुसऱ्याला बसवतात का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "आसं कुटं आसतंय व्हय? न्हाई बाई." मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हणाल्या. पुरती खात्री झाल्यावरच मी आत आले.

काल डॉक्टरांना हो म्हटलं. सही केली. भावाला त्या व्हरांड्यातलं काही माहीत नाही, आणि हे तुम्हालाही पोचणार नाही म्हणूनच लिहू शकले.