एका कीबोर्डवरचे दोघे

अलिबाग, रविवार संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. आमचा लहानपणीचा परग्रहावरच्या लढाईचा गेम नव्याने आला, म्हणून दादा मुद्दाम दिघीहून आला. तेव्हा एकाच कीबोर्डवर खेळायचो. डावीकडे तो, उजवीकडे मी, आणि त्याचं कोपर सतत माझ्या बरगडीत. आज खुर्ची ओढून तसाच बसला. कोपरही तिथेच!

आणि स्क्रीनवर काय? 'दुसरा खेळाडू ऑनलाइन शोधा.' शोधा? ज्याचं कोपर मला टोचतंय, त्याला इंटरनेटवर शोधू? त्याने वेगळा कॉम्प्युटर घ्यायचा, हाच गेम पुन्हा विकत घ्यायचा, मग आमची भेट होणार! ग्राफिक्स चकचकीत केले, एलियनच्या अंगावरचे खवलेसुद्धा दिसतात, आणि शेजारी बसलेला माणूस तेवढा काढून टाकला. वर जाहिरातीत म्हणे, 'तोच जुना आनंद'. डोंबलाचा आनंद!

एका गेमसाठी एवढं चिडायचं? हो, चिडायचं. मी शिव्या घालत होते, तर दादा म्हणाला, "जाऊ दे गं. तू खेळ, मी बघतो."

डावी बाजू ज्याने जन्मात कधी सोडली नाही, तो! खुर्ची मागे सरकवून, कोपर आवरून बसला. पाहुण्यासारखा.