कुंडीवरच्या चार ओळी

सोमवार, ३ मार्च
ताई काम करते त्या नर्सरीत तिच्या शब्दावर लागलो. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कुंडीला झाडाची निगा सांगणारं कार्ड बांधतात. ते लिहायचं माझ्याकडे. हॉटेल झालं, बोटीचं रंगकाम झालं. लिहिणं म्हणजे तर हातचा मळ. निवडुंगाचं कार्ड दोन्ही बाजूंनी भरलं, मग आणखी एक जोडलं. मालकीणबाई म्हणाल्या, गिऱ्हाइकाला झाडाची कुंडली नको, पाणी कधी घालायचं तेवढं सांगा. चार ओळी. आणि बांधण्याआधी प्रत्येक कार्ड ताईनं तपासायचं, जबाबदारी तिची. घरी येताना ताई म्हणाली, बाबा रे, मला तोंडघशी पाडू नकोस.

मंगळवार, ४ मार्च
संकल्प: आजपासून डायरीसुद्धा थोडक्यात. मुद्द्याचंच.
गच्चीवर मांजर आलं होतं. एक कान नाही. त्यावरून बोटीवरचा स्वयंपाकी आठवला, त्याचंही एकदा असंच... असो. कार्ड राहिलं.

गुरुवार, ६ मार्च
जमलं! 'पंधरा दिवसांतून एकदा', 'माती पूर्ण वाळल्यावर', 'कपभर' असले रुक्ष, हिशेबी शब्द उडवले. उरलं ते असं: 'मला तहान लागलीये. पाणी दे ना! तुझा, काटेरी दोस्त.' झाड स्वतः बोलतंय! चारातली एक ओळ वाचवली, वर आणि काळजाला हात.
ताई गिऱ्हाइकांत अडकली होती. एवढ्याशासाठी तिला काय थांबवायचं? सगळ्या निवडुंगांना बांधून टाकली. संध्याकाळी तिनं विचारलं, दाखवतोयस ना रे? म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय. खोटं नाही. मनातल्या मनात फिरवतच होतो.

बुधवार, १९ मार्च
एक आजोबा कुंडी घेऊन आले. निवडुंगाचा लगदा. म्हणाले, सकाळ-संध्याकाळ घातलं हो, दुपारीही उठून घातलं, बिचारं मागत होतं. मग ताईला विचारलं, माझंच काही कमी पडलं का?
मी मोठ्या पानांच्या झाडामागे होतो. तिथे काम होतं.
दुपारपर्यंत आणखी कुंड्या परत आल्या. मालकीणबाईंनी विचारलं, ही कार्डं तपासली कुणी? ताईनं माझ्याकडे पाहिलं. मला नेमका तेव्हाच नळ चालू राहिल्याचा भास झाला. परत आलो तोवर ती 'माझं लक्ष नव्हतं' म्हणून मोकळी झाली होती. तिला काउंटरवरून उठवून कुंड्या घासायला बसवलं.
घास घशाखाली उतरेना. दुसऱ्यांदा वाढून घेतलं, पण चव नव्हती.

शुक्रवार, २१ मार्च
मालकीणबाईंसाठी कबुली लिहिली. पाच पानं. त्यात माझं लहानपण छान आलंय. चूक कुठे आली ते मलाच सापडेना. उद्या छाटतो.

रविवार, २३ मार्च, सकाळ
छाटली. आता कबुली नाही, ताईसाठी चिठ्ठीच. आधी बहाणे उडवले, मग माफी, मग कारण. एकच शब्द उरला: 'निघालो.' इतकं स्वच्छ आजवर लिहिलं नव्हतं. टेबलावर ठेवली. बस पकडतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
चार्जर राहिला म्हणून परतलो. चिठ्ठीखाली दाजींचं अक्षर: 'कुठे? कधीपर्यंत? जेवायला धरायचं का?' दाजी म्हणाले, साहेब, तुमच्या कार्डावर निदान पाणी तरी होतं. ताई बोटांना मलम लावत होती. हसली नाही. ताट मात्र वाढलं.

सोमवार, २४ मार्च
मालकीणबाईंना सांगितलं, कार्डं मी ताईला न दाखवता बांधली, तिची काही चूक नाही. पुढचं सांगायला श्वास घेतला तोच त्या म्हणाल्या, कळलं. एवढंच बोलायला इतके दिवस?
कार्डं आता ताई लिहिणार. कुंड्या मी घासणार.
दुपारी ताईनं करकरीत नवं कार्ड पुढे धरलं: 'उन्हात ठेवा. माती वाळली की पाणी.' फारच कोरडं. एखादी प्रेमळ ओळ हवी होती. सुचवायला तोंड उघडलं. कार्ड धरलेल्या बोटांवर भेगा दिसल्या.
चांगलं आहे, म्हटलं. ब्रश उचलला.