सातव्या ओळीतला शब्द

साफी, १४ नोव्हेंबर

अल्लालदादा,

सलाम. तू बरा असशील, टँजिअरच्या वाऱ्याने अजून तुला उडवून नेलं नसेल, असं धरून चालते. तू फोन उचलत नाहीस, मेसेजला एकच टिक येते, म्हणून शेवटी पत्र. पोस्टातल्या बाईने मला विचारलं, "सरकारी आहे का?" मी म्हटलं, "नाही, भावाला आहे." ती म्हणाली, "मग तर रजिस्टर करच."

इकडे भट्टी चालू आहे. गल्लीतल्या बायका अजून फळीवर कणकेच्या रोट्या घेऊन येतात आणि आई अजून प्रत्येकीची रोटी खूण न बघता ओळखते. आपल्या घरच्या रोटीवर ती अजून दोनच बोटं दाबते. एक तुझ्या नावाचं, एक माझ्या. तू गेलास तरी खूण बदलली नाही. मी एकदा म्हटलं, "आता एकच दाब की." तर म्हणाली, "मग ती ओळखायची कशी?"

आणि मला नोकरी लागलीय! म्हणजे ट्रेनिंग. अदूलच्या ऑफिसात. लग्नं, घटस्फोट, वारसांचे दाखले, मृत्युपत्रं, सगळे दस्त लिहायला. आता बायकांनाही अदूल होता येतं, माहितीय ना? मला हे काम इतकं आवडतं की घरी आल्यावर आईला मी कलमं वाचून दाखवते. ती मला "काझीबाई" म्हणते. "काझीबाई, कायदा झाला असेल तर भांडी घासा."

सुरुवातीला मला एकच काम होतं. ओळ जिथे संपते तिथून कागदाच्या कडेपर्यंत रेघ मारायची. दस्तात मोकळी जागा ठेवत नाहीत, नंतर कोणी शब्द घुसडू नये म्हणून. आणि काही खोडलं तर तळाशी कबुली लिहायची, की अमुक ओळीतला अमुक शब्द खोडला. सी मुफद्दल, म्हणजे आमचे मोठे अदूल, म्हणतात की चूक चालते, लपवलेली चूक चालत नाही.

त्याच आठवड्यात मी जुन्या रजिस्टरांत बाबांच्या वारसांचा दाखला शोधून काढला. कोणी सांगितलं नव्हतं, मीच. तळाशी लिहिलंय, "सातव्या ओळीतला एक शब्द खोडला."

तो शब्द म्हणजे मी, दादा.

तुला तो दिवस आठवत असेलच. मी सोळा वर्षांची, चहाचे पेले घेऊन दारात. गल्लीतले बारा जण साक्षीला बसलेले, एकामागून एक सांगत होते. बायको यामना, मुलगा अल्लाल, मुलगी बतूल. लिहूनही झालं होतं. आणि तू म्हणालास, "बतूल नाही. ती घेतलेली आहे."

मी पेले पाडलेबिडले नाहीत. वाटले सगळ्यांना. बारा पेले आणि तुझा तेरावा.

आता कायदा शिकल्यावर मला कळतं की तू चुकला नव्हतास. सांभाळायला घेतलेल्या मुलाला वारसा नसतो. तू गप्प बसला असतास तर बारा चांगल्या माणसांची साक्ष खोटी ठरली असती. मी आईला विचारलं होतं, त्यांना माहीत नव्हतं का? ती म्हणाली, "माहीत होतं. विसरले होते." आणि तिने तुला जी थोबाडीत मारली ती खरं बोलल्याबद्दल नव्हती. मी घेतलेली आहे हे मला आधी सांगायचं तिचं राहून गेलं होतं. ती स्वतःवर चिडली होती. गाल मात्र तुझा.

बरं. आता मुद्द्यावर येते. तीन पानं झाली की मला मुद्दा सापडत नाही असं सी मुफद्दल म्हणतात.

आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे. कासाब्लांकाला, २८ तारखेला. डॉक्टर म्हणाले, तिच्या वयाला धोका आहे, पण न करण्यात जास्त आहे. हे ऐकून ती घरी आली, कणीक मळली, आणि म्हणाली, "चल, तुझ्या त्या ऑफिसात. भट्टीचं लिहून टाकू."

मी तर तयारच! मृत्युपत्र हा माझा आवडता विषय. रस्ताभर मी तिला समजावत गेले. सी मुफद्दलनी मला बघितलं आणि म्हणाले, "बतूल, आज टेबलाच्या पलीकडे बस. आज पेनाला हात लावायचा नाही." मी आईशेजारी बसले. त्यांचे जोडीदार अदूल दुसऱ्या खुर्चीवर, कारण एकट्याची सही चालत नाही.

आई म्हणाली, "भट्टी माझ्या वडिलांची, मला मिळालेली. दोन मुलं आहेत. अर्धी अर्धी लिहा."

"लल्ला यामना, तसं होत नाही," सी मुफद्दल म्हणाले. "वारस एकटा अल्लाल. जो वारस नाही त्याला तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच देता येतं."

"आणि मला अर्धी द्यायची असेल तर?"

"तर मुलाची कबुली लागेल, तीही तुमच्या माघारी. मेल्यावर भांडायला तुम्ही येणार आहात का?"

"बोलावलं तर येईन," आई म्हणाली. जोडीदार अदूल हसले. मग ती म्हणाली, "बरं, तिसरा लिहा."

"दोन तऱ्हेने लिहिता येतो. एक, बतूल हिला तिसरा हिस्सा. दुसरी तऱ्हा तंझील. म्हणजे तिला तुमच्या मुलीच्या जागी बसवायचं. मग मुलाला दोन वाटे, मुलीला एक. म्हणजे पुन्हा तिसराच."

"हिस्सा तेवढाच, तर विचारता कशाला?"

"पहिल्यात तिला काय मिळतं ते लिहितात. दुसऱ्यात ती कोण ते."

दादा, मला हे पाठ होतं. परीक्षेत मी यावर सर्वांत जास्त मार्क मिळवलेत. मला दुसरी तऱ्हा हवी होती. भट्टीशी त्याचा काही संबंध नव्हता, भट्टी तुला सगळी गेली तरी चालेल. मला 'मुलगी' हा शब्द हवा होता. मी खाली मान घालून बसले, मागायचं नाही म्हणून.

आई म्हणाली, "तो शब्द एकदा लिहिला होता. माझ्या मुलाने खोडायला लावला. त्याला न विचारता मी परत लिहिणार नाही."

सी मुफद्दलनी तिला दोनदा सांगितलं की कायद्याने मुलाला विचारायची गरज नाही. ती म्हणाली, "कायद्याला नसेल. मला आहे. तेवढी जागा मोकळी सोडा."

"मोकळी जागा सोडता येत नाही."

"मग पेन खाली ठेवा."

त्यांनी ठेवलं. आई माझ्याकडे वळली. "जा, फोन लाव त्याला."

मी बाहेर जिन्यावर गेले. तुला चार वेळा फोन लावला. चारही वेळा तो वाजून वाजून थांबला. तू कामावर असशील, फोन लॉकरमध्ये असेल, मला माहीत नाही. मी जिन्यावर उभी राहिले. मग आत गेले आणि म्हटलं, "तो हो म्हणाला."

आई म्हणाली, "नक्की काय म्हणाला?"

मला वाटलं होतं ती एवढं विचारणार नाही. मी म्हटलं, "म्हणाला, लिहा. बहीणच आहे."

"बहीण म्हणाला? तोंडाने?"

"हो, आई."

तिने ओढणीच्या टोकाने आधी नाक पुसलं, मग डोळे. "आवाज कसा होता त्याचा? सर्दी आहे का अजून?" मी म्हटलं, थोडी आहे. सी मुफद्दल माझ्याकडे बघत होते. त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं, आईने सही केली.

तेव्हापासून ती बरी दिसते. गल्लीत सगळ्यांना सांगत सुटलीय, अल्लाल बोलला म्हणून. काल तामूखाला फळी घेऊन आली तर तिलाही, "माझा मुलगा बोलला."

माझं प्रेम होतं, घाई होती, असं काहीबाही मी स्वतःला सांगून बघितलं. खरं एवढंच की मी तुझ्या तोंडात शब्द घातला. तू माझ्याबद्दल सर्वांसमोर खरं बोललास आणि मी तुझ्याबद्दल दोन अदूलांसमोर खोटं बोलले. दस्त पक्का आहे, माझ्या खोट्याने तो मोडत नाही. पण आई जिवंत आहे तोवर तो कधीही बदलू शकते, आणि ती खोट्यावर झोपते हे मला सहन होत नाही. तिला सांगायला जीभ रेटत नाही. ऑपरेशनच्या आधी तर नाहीच.

तू ये. २८च्या आधी. ती तुला पहिलं हेच विचारणार, म्हणून तुला अंधारात ठेवून बोलावत नाहीये. जे खरं असेल ते तिला सांग. "नाही" असेल तर "नाही" सांग, मी स्वतः तिला हात धरून ऑफिसात नेईन आणि तळाशी कबुली लिहिताना पलीकडे बसेन. फक्त या वेळी बारा जणांसमोर नको. आपण तिघंच, भट्टीपाशी.

चहा मीच करेन.

सही करते. नावाच्या आधी एका शब्दाची जागा सुटलीय. सवयीने हात रेघ मारायला गेला होता. मारली नाही.

तुझी

बतूल