मध्ये ठेवलेली पिशवी

अहो,

तुमचा खांदा दुखायचा, म्हणून वर्षभर मी तेल चोळलं. शेवटी डॉक्टरांनी पेट स्कॅन करायला सांगितला. सिस्टरनी शिरेतून किरणोत्सारी साखर सोडली, तेव्हा तुम्ही म्हणालात, “घरी चहातलीसुद्धा बंद आहे हो माझी.” त्या हसल्या. “काका, आज लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहा.” मी ‘लांब राहा’ तेवढंच ऐकलं.

रिक्षात तुम्ही हात पुढे केलात आणि मी आपल्यामध्ये फायलींची पिशवी ठेवली. “म्हणजे आज मी सोवळ्यात,” असं म्हणून तुम्ही हडपसरपर्यंत बाहेर बघत बसलात.

रिपोर्टमध्ये खांद्याला काहीच नव्हतं. फुफ्फुसाच्या टोकाला कॅन्सर होता, त्याची कळ खांद्यात येत होती. तीन महिन्यांत तुम्ही गेलात.

परवा बुधवार पेठेतून या तपासण्यांवरचं जुनं इंग्रजी पुस्तक आणलं आणि शब्दकोश घेऊन वाचलं. ती सूचना माझ्यासाठी नव्हतीच. मी बासष्ट वर्षांची.

त्या तीन महिन्यांत दवाखान्यात मी तुमचा हात तासन्‌तास धरून बसले. पण आपणहून तुम्ही तो एकदाच पुढे केला होतात.

तुमची,
मंदाकिनी