धुळीच्या रंगाची साडी

गोडादरा, सुरत

तीर्थस्वरूप कमलआक्का हिस धाकट्या बन्सीलालचा पाया पडून नमस्कार.

(पार्सलवर तुझ्या नावाआधी ‘गं. भा.’ लिहायला हात धजला नाही. नुसतं नाव घातलं आहे. पोस्टमन घोटाळा तर करणार नाही ना?)

तुझा गुडघा कसा आहे? माझा बरा आहे, पण अचानक बरा का झाला याचीच काळजी लागली आहे.

आमच्या शुभमच्या लग्नासाठी तू फोनवर सांगितलंस, ‘भाऊ, मला धुळीच्या रंगाची साडी पाठव, चारचौघींत दिसायला नको.’ मी निरोप त्याच्या बहिणीला, धनश्रीला दिला. (ती भेस्तानला साड्यांच्या छपाईची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढते.) नात गालात हसली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. तिनं साडी आणून पसरली तर गडद कापडावर पांढऱ्या चांदण्या, आणि प्रत्येक चांदणीभोवती निळा रंग पसरलेला! मी जन्मभर मिलमध्ये कापडावरचे डाग शोधले. चष्मा लावला, खडू घेतला आणि जिथं जिथं निळं फुटलं होतं तिथं गोल करत सुटलो. पदरापर्यंत पोचलो तोवर वीतभर जागा बिनडागाची उरली नव्हती. तेवढ्यात तुझी भावजय मंदा आली आणि कडाडली, “तुमले डाग दिसतस, माले चांदण्या दिसतस!”

मग धनश्रीनं मोबाइलवर मोठ्या दुर्बिणीतून काढलेला कृत्तिकांचा फोटो दाखवला. त्यातही तेच निळं. मी म्हटलं, म्हणजे वरूनच सेकंड माल आला की! ती म्हणाली, “आजोबा, ती धूळ आहे. आत्याआजीनं धुळीचाच रंग मागितला ना?” त्या धुळीला म्हणे स्वतःचा उजेड नाही. कृत्तिका आपल्या वाटेनं जाताना तिच्यात शिरल्या (धूळ त्यांची नव्हेच, वाटेत भेटलेली), त्यांचा उजेड तिच्यावर पडतो, आणि त्यातला निळा ती जास्त उधळते. मला घाम फुटला. रंग धुळीचा नाही, उजेडाचा, म्हणजे कच्चाच! मी कोणाला न सांगता साडी मिठाच्या पाण्यात बुडवली. खडू गेला, निळा राहिला. आनंदानं ओरडलो, तर शेजारचा वाल्मिक कोणी पडलं समजून धावत आला.

साडी इस्त्री करून पाठवतो आहे. परत पाठवशील या धास्तीनं मी पार्सलवर आमचा पत्ताच घातलेला नाही.

तुझा
बन्सीलाल

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. शुभमला पहिली हळद तू लावायची आहेस. साडी त्यासाठी आहे. पदराला हात पुसलेस तरी चालेल.

आणखी ता. क. हा मान सवाशिणींचा, असं कोणी म्हणालं तर काय, या भीतीनं मला जेवण जाईना. पण ठरवलं मंदानं. म्हणते, “बोलणारीला माझ्याकडे पाठवा.” ती वाटच बघते आहे, आक्का, कोणी बोललं नाही तर तिचा हिरमोड होईल. आणि शुभम म्हणतो, आत्याआजी लावणार नसेल तर हळदच नको. हट्टी आहे. तू आली नाहीस तर पोरगा कोराच बोहल्यावर चढेल.