शिवणक्लास : एक दृश्यकाव्य

३ मार्च
हिच्या शिवणक्लासची जाहिरात मीच करणार. महिनाअखेर क्लास भरला नाही तर जागा सोडून पुन्हा कपड्यांच्या कारखान्यात जाईन म्हणते. म्हटलं, सिनेमा कोळून प्यालेला नवरा घरात असताना चिंता कसली? पँटची चेन कशी बदलायची ते दाखव आणि खाली फोन नंबर टाक, म्हणाली. नंबर! चित्राच्या चौकटीत आकडे म्हणजे नवरीच्या कपाळावर किमतीचं लेबल.

६ मार्च
शूटिंग. सुईच्या नेढ्यातून झिरपणारा उजेड. चेन दाखवली नाही, सूचित केली. दाजी, हल्ली लोक फोन उभा धरून बघतात, असं मेहुणा म्हणाला. लोक उभ्याने जेवतातही. म्हणून टेबल उभं करायचं?

११ मार्च, दुपार
एडिटिंग पूर्ण. नऊ मिनिटं, मूक, कृष्णधवल. हिने पाहिलं. चेन कुठे आहे, विचारलं. प्रेक्षकाच्या मनात, म्हटलं. मग क्लासही तिथेच भरवते, म्हणाली.

१३ मार्च
अपलोड केलं. व्ह्यूज मोजके, त्यातले बरेच माझे. पण दर वेळी वेगळ्या नजरेने पाहिलं, तेव्हा वेगळे प्रेक्षक धरायला हरकत नाही. बाकीचे सरासरी चार सेकंद थांबतात. खचायचं कारण नाही. सुरुवातीला अख्खा सिनेमाच मिनिटभराचा असे. प्रेक्षक मुळांकडे परततो आहे, इतकंच.

१९ मार्च
हिने स्वतःच मोबाइल डब्याला टेकवला (उभा!) आणि चेन बसवतानाचा व्हिडिओ केला. मी मागे उभा राहून प्रकाश, अवकाश, चौकट समजावत होतो. ढुंकून पाहिलं नाही. नंबर टाकलाच.

२४ मार्च
सकाळपासून फोन वाजतोय. क्लास भरला, दुसरी बॅच काढावी लागेल. कारखाना गेला खड्ड्यात, म्हणाली.
चेनबद्दल एक कॉमेंट. बाकी सगळ्या मागे हातवारे करणाऱ्या गृहस्थाबद्दल. काकांना कुणीतरी पाणी द्या, असं एकीने लिहिलंय. मेहुण्याने सगळ्या मोठ्याने वाचल्या. पार्श्वभूमीचं सौंदर्यशास्त्र समजावू लागलो, तर त्याने तेही शूट केलं.

२६ मार्च
निश्चय. यापुढे कॅमेऱ्यासमोर जाणार नाही. दिग्दर्शकाने अदृश्यच असावं.

२७ मार्च
उद्या काजं-बटणं. मी कुठे उभं राहायचं तिथे हिने जमिनीवर खडूने फुली मारली आहे. सिनेमावर वाट्टेल ते बोल, म्हणाली, आवाज मी काढूनच टाकणार आहे.
किती वाजता, विचारलं.